रविवारचा बाजार

३ मे

मामा,

फोनच करणार होते. पण आपल्या घरात फोनवर महत्त्वाचं बोलणं निघालं की शेवटी कोणीतरी फोन आपटतं, आणि मागच्या खेपेला तो तू आपटला होतास. आजोबांचा नियम बरा होता. डोकं तापलं की कागद घ्यायचा, आणि आलेलं पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. तर मी कागद घेतलाय. डोकं तापलेलंच आहे.

तापवलंय बाबांनी. फायनान्सच्या पदवीसाठी मला दोन विद्यापीठांत जागा मिळाली आहे, एक तुमचं आणि एक टेकडीवरचं. ३१ तारखेपर्यंत त्यातलं एक पक्कं करायचंय. ते पक्कं मी करणार असा माझा गैरसमज होता. बाबांनी मागच्या रविवारी तुमचा ओपन डे पाहिला आणि सोमवारी दुकान उघडल्याबरोबर जाहीर करून टाकलं. आता चष्म्याचा नंबर काढायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवतात, डोळ्यांवर ती जड फ्रेम चढवतात, आधी माझ्या प्रवेशाची बातमी ऐकवतात आणि मग म्हणतात, "हां, आता खालची ओळ वाचा." बिचारा माणूस पळूनही जाऊ शकत नाही.

त्यांना वेड लावलंय तुझ्या त्या बाजाराच्या खोलीने. भिंतभर पडदे, त्यांवर पळणारे हिरवे-लाल आकडे, आणि समोर कोट घालून उभा असलेला तू. सकाळी आई हॉस्टेलच्या रांगेत अडकली होती, म्हणून तिच्यासाठी बाबांनी तो कार्यक्रम आम्हाला दुपारी पुन्हा पाहायला लावला. येताना गाडीत म्हणाले, "आपला मेहुणा प्रोफेसर आहे हं!" इतकी वर्षं ते तुला कोणत्या सुरात 'मास्तर' म्हणतात ते तुला ठाऊक आहे. आई खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती.

टेकडीवर मात्र बाबांना बसायला खुर्चीसुद्धा मिळाली नाही. तिथल्या एका बाईंनी फळ्यावर आम्हाला एक गणित घातलं. बहुतेकांना ते आलं नाही, मलाही नाही. मग त्या म्हणाल्या, "पहिलं वर्ष असंच जाईल. झेपणार नसेल तर आत्ताच सांगा, नंतर रडू नका." बाबा तिथूनच माघारी फिरले.

मला भीती वाटते मामा, खोटं कशाला बोलू. म्हणून तुला विचारते. तू तिथे शिकवतोस, आतलं सगळं तुला माहीत. तुझी स्वतःची मुलगी असती तर तू तिला कुठे घातली असतीस? त्या खोलीबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर तेही सांग. सरळ सांग.

तुझी भाची


९ मे

प्रिय ठिणगी,

पत्र शेवटपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं. आजोबा असते तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती.

भाऊजींवर चिडू नकोस. बापाला आनंद झाला की त्याच्या तोंडाला झाकण राहत नाही. आणि ते मला खरंच प्रोफेसर म्हणाले? कोणत्या सुरात म्हणाले ते ताईला विचारून नीट लिही. तुझी मामी विश्वास ठेवायला तयार नाही.

आता तुझा प्रश्न. मी इथला आहे म्हणून मुद्दाम तटस्थपणे सांगतो. टेकडीवरचं विद्यापीठ नावाजलेलं आहे, कोण नाही म्हणतंय? पण ते लोक मुलांना पहिली दोन वर्षं नुसतं गणित आणि संख्याशास्त्र दळायला बसवतात. बाजार कशाशी खातात हे कळेपर्यंत पोर अर्धं होतं. आमच्याकडे तसं नाही. पहिल्या महिन्यापासून त्या खोलीत बसायचं, चालू भाव डोळ्यांसमोर, निर्णय तिथल्या तिथे. तू पाहिलंसच की. अशी खोली आसपास दुसऱ्या कोणाकडे नाही.

शिवाय इथे घर आहे. हॉस्टेलची कटकट नाही, मेसचं जेवण नाही, तू माझ्या डोळ्यांसमोर राहशील आणि ताईच्या जिवाला घोर नाही. मामीने मागची खोली आवरायलासुद्धा घेतली. तिचं शिवणयंत्र उचलून बाहेर आणताना माझी कंबर धरली.

तेव्हा माझी मुलगी असती तर मी तिला इथेच घातली असती. झालं समाधान? फार विचार करत बसू नकोस आणि ३१ तारखेची वाट बघू नकोस. फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'कोणाच्या ओळखीने आलात' असा एक रकाना आहे, तिथे माझं नाव घालायला तेवढं विसरू नकोस.

तुझा मामा


१३ मे

मामा,

त्या दिवशी रविवार होता.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण मग तू म्हणशील पोरीने डोक्यात राख घालून घेतली, म्हणून सविस्तर लिहिते.

रविवारी बाजार बंद असतो. हे मला तूच शिकवलंस. मी आठवीत होते, आमच्या गच्चीवर तू पेपरातलं शेअरचं पान पसरून बसला होतास. सोमवारच्या पेपरात हे पान का नसतं असं मी विचारलं, आणि तू इतका खूश झालास की चप्पल न घालताच मला आइस्क्रीम आणायला निघालास. त्या दिवसापासून मला हे शिकायचंय. बाबांनी सांगितलं म्हणून नाही, चांगली नोकरी लागते म्हणून नाही, त्या पानामुळे. आणि तू मला रविवारी चालू बाजार दाखवतोस?

सकाळच्या खेळात तू पाण्याचा घोट घेतलास, भिंतीकडे वळलास आणि ओरडलास, "अरे अरे, बघा, आत्ता, या क्षणी पडला!" सगळे पालक दचकले. मीही दचकले. दुपारी पुन्हा तोच घोट, तशीच वळलेली मान, तेच "अरे अरे", आणि तोच शेअर तेवढाच पडला. शेजारी आई "अगं बाई!" म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागे दाराशी उभी होते आणि तू माझ्याकडे बघून हात हलवलास!

जुनं रेकॉर्डिंग आहे ते. कधीचं आहे? खोलीभर माणसांच्या डोळ्यांत धूळ फेकलीस, तेही मी गिळलं. म्हटलं नोकरी आहे, वरून सांगितलं असेल. म्हणून तर तुला पत्र लिहिलं. खोलीबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर सांग, असं अगदी तुझ्या पानात वाढून ठेवलं. तुला एक ओळ लिहायची होती, की पोरी, ते खरं नाही. त्याऐवजी तू मला 'चालू भाव' असं लिहून पाठवलंस. मला! वर पुन्हा तटस्थपणे.

आणि तो रकाना कसला आहे, मामा? माझी काळजी होती ना तुला, मग फॉर्मवर तुझं नाव कशाला हवं?

मामीला सांग, शिवणयंत्र जागच्या जागी ठेव.

भाची


१७ मे

ठिणगी,

नियम मीही पाळला. तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. आता तू माझं वाच.

मला लाज शिकवायला निघालेली तू कोण? काल तुझ्या नाकाचा शेंबूड मी पुसत होतो. जगात काय काय गिळून माणसाला घर चालवावं लागतं याची तुला गंधवार्ता नाही, आणि तू मला रविवार कोणता आणि सोमवार कोणता ते समजावतेस!

हो, रेकॉर्डिंग आहे. चालू भावांची जोडणी कधीच बंद झाली, खर्च परवडत नाही म्हणून. पडदे तेवढे उरले. एरवी त्या खोलीला कुलूप असतं, ओपन डेला उघडतात. 'या क्षणी पडला' हे वाक्य माझं नाही, मला ते लिहून दिलंय. पाण्याचा घोटसुद्धा लिहून दिलाय. कोट विभागाचा आहे, माझ्या मापाचाही नाही, पाठीमागे टाचण्या लावून घालतो. तुला काय वाटतं, मला मजा येते?

आणि रकाना हवाय ना तुला, घे. आम्ही करारावरचे शिक्षक. प्रत्येकाने पाच प्रवेश आणायचे. माझे चार झाले. पाचवा झाला नाही तर जुलैत करार संपतो. हे तुझ्या मामीला माहीत नाही, तुझ्या आईला नाही. आता तुला झालं. जा, दवंडी पिट.

टेकडीवर जायचंय तर खुशाल जा! फळ्यावरचं एक गणित बघून तुझी पाचावर धारण बसली, हे तूच लिहिलंस. दहावीत गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी उलट्या करणारी तू. तिथे पहिल्याच वर्षी निम्मी पोरं गळतात. पहिली सहामाही संपायच्या आत सामान बांधून परत येशील, आणि तेव्हा ती ट्रंक उचलायला हाच खोटारडा मामा लागेल.

मामा


२० मे

मामा,

उलट्या मी केल्या होत्या आणि पेपरही मीच दिला होता. आदला अख्खा दिवस माझ्याशेजारी बसून एकेक गणित सोडवून घेणारा माणूस तू होतास. दुसऱ्या कोणी मला ते ऐकवलं असतं तर मी हसले असते. तू ऐकवलंस, ते मी विसरणार नाही.

तुझा पाचवा प्रवेश मी होणार नाही, असं लिहायला बसले होते. पण तू जिंकल्यात जमा आहेस. बाबांना मी खोलीचं सगळं सांगितलं. त्यांनी काय म्हणावं? "तुझा मामा खोटं बोलेल होय? प्रोफेसर आहे तो. तुला काय कळतंय त्यातलं?" इतक्या वर्षांत त्यांनी एकदा तुझी बाजू घेतली, आणि ती माझ्या मुळावर आली. आई मध्ये पडली तर तिलाच ओरडले. शनिवारी, ३० तारखेला, ते तुमच्याकडे पैसे भरायला येणार आहेत. कोणता शर्ट घालायचा तेसुद्धा ठरलंय.

तुझ्या कराराचं मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझं तू बघ. पण खोलीचं तुलाच सांगावं लागेल, आणि बाबांनाच सांगावं लागेल. माझ्या तोंडचं ते ऐकत नाहीत आणि तुझ्या तोंडचं ऐकतात, हे तूच करून ठेवलंयस.

टेकडीवर मी नापास होईन याची मला भीती वाटते. तुमच्याकडे पास होईन याची त्याहून जास्त वाटते.

भाची


२५ मे

भाऊजी, नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. आधीचे कागद फाडून झाले, हा आता जसा होईल तसा पाठवतो.

तुमची मुलगी सांगते ते खरं आहे. त्या खोलीत तुम्ही पाहिलात तो जुना बाजार होता, ओपन डेला लावून दाखवतात. त्या दिवशी रविवार होता. मला माहीत होतं, आणि तरी मी ती नाटकं केली. तिने पत्रातून विचारलं तेव्हाही मी तिला इकडेच ओढलं, कारण नोकरी टिकवायला मला आणखी एक प्रवेश हवा होता. तो नाही मिळाला तर माझा करार संपेल. पोरीच्या मामीला मी हे आज सकाळी सांगितलं. ताईला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.

पोरीला टेकडीवर घाला. पहिलं वर्ष तिला जड जाईल, आजारी पडेल, फोनवर रडेल. पण ती बसते भाऊजी, उठत नाही. दहावीला मी ते पाहिलंय. सोमवारच्या पेपरात शेअरचं पान का नसतं, असं तिने मला आठवीत विचारलं होतं. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी मला तसलं काही कधी विचारलं नाही. त्या दिवशी एवढ्या भरलेल्या खोलीत आज रविवार आहे हे एकट्या तिच्या लक्षात आलं.

आता एक रागाने सांगतो, आणि मला राग यायचा अधिकार नाही हे माहीत असून सांगतो. पोरगी घरात उभी राहून खरं सांगत होती, ते तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही कोटाचं ऐकलंत. इतकी वर्षं जुन्या शर्टात तुमच्या घरी येऊन मी कधी एक शब्द खोटा बोललो नाही, तेव्हा मी मास्तर होतो. टाचण्या लावलेला कोट घालून खोटं बोललो, तर प्रोफेसर झालो. ते प्रोफेसर तुम्ही परत घ्या, मला नको.

आपला,
मेहुणा


२८ मे

मास्तर,

मी पत्र लिहीत नाही. तुमच्या घरातली ही रीत मला कधी पटली नाही, कागद संपतो आणि राग तेवढाच राहतो. पण तुमची बहीण म्हणाली फोन केलात तर आपटाल, म्हणून लिहितोय.

तुमच्यावर मी चिडलोय. माझ्या पोरीला तुमच्या नोकरीसाठी गळाला लावत होतात, हे मी विसरेन असं समजू नका. पण स्वतःवर त्याहून जास्त चिडलोय. रविवारी दुकान बंद असतं म्हणून तर मी तुमच्याकडे आलो होतो! माझं दुकान बंद, समोरचा किराणावाला बंद, शिंपी बंद, आणि बाजार तेवढा चालू, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. दिवसभर लोकांना नीट बघा, नीट बघा म्हणून सांगतो मी.

काल तुमच्याकडे जाऊन आलो. खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, ती बाजाराची खोली जरा दाखवा. म्हणाली, कुलूप आहे, पुढच्या ओपन डेला या. मी तिथे जो आवाज चढवला तो मजलाभर ऐकू गेला असेल. तुमचं नाव घेतलं नाही. मग ती बिचारी मुलगी रडवेली झाली आणि मला कसंतरी झालं, म्हणून निघालो.

तिथून टेकडीवर गेलो आणि पैसे भरून टाकले. पुन्हा खुर्ची नाही. त्या बाई जिन्यात भेटल्या. त्यांना विचारलं, माझ्या पोरीला झेपेल का? म्हणाल्या, "मला कसं माहीत? बसवून बघू." असं बोलणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकणार नाही. पण मला बरं वाटलं.

पोरगी माझ्याशी बोलत नाही. तिची माफी मागायचीय, जमत नाहीये. उद्या सकाळी पुन्हा प्रयत्न करतो.

कराराचं काय होतं ते कळवा. कोटाबद्दल लिहिलंत ते वाचलं.

— तुमचा भाऊजी


२१ ऑगस्ट

मामा,

तुझा करार वाढला नाही हे मला आईकडून कळलं. तू कळवलं नाहीस, म्हणून मला तुझा पुन्हा राग आलाय, आधीचा होताच. जूनच्या ओपन डेला तू काय केलंस तेही आईनेच सांगितलं. तू कोट घातला नाहीस, पाणी प्यायला नाहीस, आणि पडदे सुरू झाल्यावर म्हणालास, "आज रविवार आहे. बाजार बंद आहे. हे जुनं चित्र आहे, आणि आता मी तुम्हाला ते बघायचं कसं ते सांगतो." निम्मे पालक उठून गेले म्हणे. उरलेल्यांनी प्रश्न विचारून तुला दमवलं. मला तिथे मागे दाराशी उभं राहायचं होतं. मला बोलावलं का नाहीस?

इथली पहिली चाचणी झाली. मी नापास झाले. निम्मा वर्ग झाला, पण तेवढ्याने काही बरं वाटत नाही. आदल्या दिवशी उलट्या केल्या, अगदी तुझ्या पत्रात लिहिल्याप्रमाणे. सामान मात्र बांधलेलं नाही. ट्रंक पलंगाखाली आहे आणि तिच्यावर माझ्या खोलीतली मैत्रीण इस्त्री करते. तुझं ते वाक्य रोज आठवतं, रोज संताप येतो, आणि मग मी पुस्तक उघडते. त्या बाईंनी पेपर परत देताना शेजारच्या मुलीला रडू नकोस म्हटलं. मला म्हणाल्या, "तिसरं प्रकरण कोणाकडून तरी समजून घे."

बाबांचं ऐक. त्यांनी माफी मागितली, दुकानातून फोन करून, मध्येच गिऱ्हाइकाला "उजवा डोळा झाका" म्हणत. पण खरी गंमत पुढेच आहे. परवा एका गिऱ्हाइकाने बाबांना विचारलं, मुलगा फायनान्सला जायचं म्हणतोय, कुठे घालू. आई तिथेच होती. बाबांनी त्याच्या डोळ्यांवरची फ्रेम काढली, हातातली काच खाली ठेवली आणि म्हणाले, "आमच्या मास्तरांना विचारा. ते खरं सांगतात. जरा उशिरा सांगतात, पण सांगतात." कोणत्या सुरात म्हणाले, ते मी आईला विचारून घेतलं. ती म्हणाली, आजोबांचं नाव घेताना जो सूर असतो तोच. हे मामीलाही वाचून दाखव.

माझा राग गेलेला नाही, आणि तू काही समजूत काढायला जाऊ नकोस. पण तिसरं प्रकरण मला कळत नाहीये, आणि ते मला शिकवता येईल असा एकच माणूस मला माहीत आहे. रविवारी ये. त्या दिवशी बाजार बंद असतो. खुर्ची मिळणार नाही, पायरीवर बसावं लागेल.

जुना शर्ट घालून ये. कोटात आलास तर दारातूनच परत पाठवीन.

तुझी भाची